कॉइलच्या डब्याचं भोक

चूक माझी होती. मिस्त्रींनी डब्याच्या तळाला पाडलेलं भोक मी कोणालाही न विचारता बुजवलं, आणि त्या डब्यापायी इंजिन भर तळ्यात बंद पडलं तेव्हा बोट दाखवलं ते मिस्त्रींकडे. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं सांगताना मला अजूनही इतका आनंद होतो की मूळ गोष्ट मागे राहून जाईल.

नव्वदच्या दशकात मी बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होतो. कॉलनीजवळच्या तळ्यावर आम्हा नऊ सहकाऱ्यांचा बोट क्लब होता. क्लब म्हणजे वल्ह्यांच्या चार होड्या, पत्र्याची एक शेड आणि रविवार सकाळची इडली-कॉफी. एके दिवशी आमच्या सेक्रेटरींनी कुठूनसं एक जुनं इंजिन पैदा केलं, होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं. ते नागपूरचे, इंजिन टेम्पोतून उतरवतानाच ओरडले, "हळू ना बाप्पा, बाळंतीण आहे ती!" तिशी ओलांडलेली आम्ही माणसं त्या इंजिनाभोवती उकिडवी बसलो आणि दुपारपर्यंत उठलो नाही.

इंजिन चांगलं होतं, पण त्याचं वरचं झाकण फुटलेलं. प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल उघडी पडली होती. तिच्यावर पाण्याचे चार शिंतोडे उडाले की ठिणगी गेली, आणि ठिणगी गेली की इंजिन म्हणजे नुसतं लोखंड. कॉइलसाठी डबा करायचं काम मी अंगावर घेतलं. वायरिंगसाठी शिवाजीनगरचे एक मिस्त्री मिळाले. बस स्टँडमागच्या बोळात, एका स्पेअर पार्टच्या दुकानाच्या पायरीवर बसून ते स्कूटर आणि जनरेटर दुरुस्त करायचे. त्याआधी सात वर्षं मंगळूरला मासेमारीच्या लाँचवर काढलेली. सेक्रेटरींनी त्यांना शब्द दिला होता, की इंजिन नीट चाललं तर क्लबचं सगळं देखभालीचं काम तुमचं, आणि शेडमधली एक बाजूही तुम्हाला वापरायला. पायरीवर बसणाऱ्या माणसाला डोक्यावर छप्पर मिळणार होतं.

तीन रविवार आम्ही दोघांनी मिळून काम केलं. ते दिवस आठवले की आजही हात शिवशिवतात. वायर डब्यात नेताना मिस्त्री तिला आधी खाली झोका देत, म्हणजे झोळीसारखी लोंबती सोडत, आणि मग वर घेत. "पानी तार पे चलके आता साब. यहाँ नीचे आके टपक जाएगा, डब्बे में नहीं घुसेगा." मी पाण्याचा तांब्या आणून वायरीवर ओतला. थेंब खरोखरच झोक्याच्या टोकाशी जमले आणि खाली पडले! मी पुन्हा ओतला. मिस्त्री हसले, "अब नहलाते कित्ता उसकू?" जोडावर ते बोटाने व्हॅसलिन फासत, वायर शिरते तिथे रबराचं बूच बसवत. लाँचवर हे सगळं ते पाहून पाहून शिकले होते, आणि मी पुस्तकं वाचलेला माणूस तोंड उघडं टाकून बघत होतो.

शेवटी त्यांनी माझ्या डब्याच्या तळाला ड्रिलने एक छोटं भोक पाडलं.

"हे काय? पाणी जाईल ना आत!"

"पानी तो आताच साब. इंजन गरम होता, थंडा होता, डब्बा साँस लेता. कित्ता बी बंद करो, खींच लेता. जाने का रस्ता रखना, बस."

मी मान डोलावली, पण मला ते पटलं नव्हतं. कारखान्यात आमची पद्धत ठरलेली होती. डबा पाण्याच्या टाकीत बुडवायचा, बुडबुडा दिसला की नापास. भोक असलेला डबा पास करणारा इंजिनिअर आम्ही पाहिला नव्हता. मी डबा घरी नेला, त्या भोकात पुट्टी मळून भरली आणि न्हाणीघरातल्या बादलीत डबा बुडवला. एकही बुडबुडा नाही! मी बायकोला हाक मारली. ती इथलीच, तीन पिढ्यांच्या बेंगळुरी मराठी घरातली; 'बरं'ला 'सरी' आणि 'जरा'ला 'स्वल्प' असं कानडी तिच्या बोलण्यात सहज यायचं. दारात उभी राहून म्हणाली, "सरी, झालं का डब्याचं गंगास्नान? आता स्वल्प बादली सोडा, मला कपडे भिजवायचेत." मिस्त्रींना मी काहीच सांगितलं नाही. भोक खालच्या अंगाला होतं, त्यांना दिसलंही नाही.

पहिली फेरी! इंजिन चालू करायची दोरी तिसऱ्या झटक्याला माझ्या हातातून सुटली, इंजिन खोकलं, गुरगुरलं आणि पेटलं. होडीने नाक वर केलं. काठावरची बदकं उडाली, सेक्रेटरी उभे राहून ओरडले, "अरे, हे तर विमान आहे बे!" आणि बसताना जवळजवळ तळ्यातच गेले. मिस्त्री माझ्या शेजारी होते. त्यांनी माझा हात धरून इतका दाबला की अंगठी रुतली. तीन आठवडे इंजिन पहिल्या झटक्याला पेटत राहिलं. मिस्त्रींनी शेडमध्ये आपली एक पेटी आणून ठेवली.

चौथ्या आठवड्यात क्लबचा मेळावा होता, सगळ्यांची कुटुंबं आलेली. होडी तळ्याच्या मधोमध गेली आणि इंजिन दोन वेळा फटफटून गप्प झालं. वल्हवत परत येताना काठावरून हशा ऐकू येत होता. सेक्रेटरी उतरले ते लालबुंद होऊन.

"वायरिंग कोणाचं?"

"मिस्त्रींचं," मी म्हणालो.

मिस्त्री पुढे आले. "साब, डब्बा खोलके देखेंगे."

"डब्याला काही होणं शक्य नाही. मी तपासलाय. वायर जोडतानाच काहीतरी हयगय झालीय."

क्लबच्या बाकी आठही जणांसमोर मी हे बोललो. मिस्त्री वळले. मग शेडमध्ये जाऊन त्यांनी आपली पेटी उचलली.

डबा मी घरी उघडला. झाकण निघताच अर्धी वाटी पाणी ओट्यावर सांडलं. कॉइलच्या टोकांवर हिरवी बुरशी चढावी तसा गंज. इंजिन तापायचं, गार व्हायचं, डबा आपल्या वायरीच्या बुचांतून थेंब थेंब ओढत राहिला होता, आणि बाहेर जायची वाट मी बंद केली होती. बायकोने ओटा पुसला. "हे त्यांना सांगणार ना?" तिने विचारलं. मी हो म्हणालो.

सांगितलं नाही. पुट्टी उकरली, भोक मोकळं केलं, नवी कॉइल बसवली. इंजिन झक्क चालू लागलं आणि सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. क्लबचं काम दुसऱ्या गॅरेजला गेलं. त्यानंतर जवळपास वर्षभर मी शिवाजीनगरला जायचं असलं की त्या बोळाऐवजी लांबच्या रस्त्याने जात होतो.

मग सेक्रेटरींनी मला शेडमध्ये लावायला एक कागद लिहून मागितला, इंजिनाची वीज पाण्यापासून कशी सांभाळावी यावर. मी उत्साहाने बसलो. वायरीला झोका द्या. जोडावर व्हॅसलिन लावा. तळाला भोक ठेवा. बायकोने कागद वाचला आणि माझ्यासमोर ठेवला. "खाली सही कोणाची करताय?"

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी थेट त्या बोळात गेलो. मिस्त्री त्याच पायरीवर एका स्कूटरचं कार्ब्युरेटर साफ करत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पुट्टीपासून ओट्यावरच्या पाण्यापर्यंत. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"मालूम था साब. उसी दिन मालूम था."

"मग बोलला का नाहीत?"

"मेरी कौन सुनता था?" त्यांनी फडक्याला हात पुसले. "और आप आज मेरेकू कायकू बोलते? उस दिन आठ लोगों के सामने बोले. आज इधर गल्ली में, कान में? नक्को साब. बोलना है तो उन लोगों के सामने बोलो."

मला भीती वाटली, आणि खरं सांगतो, भीतीइतकीच सुटकाही वाटली. काय करायचं ते कोणीतरी इतकं सरळ सांगितलं होतं. "रविवारी न्यायला येतो," मी म्हणालो.

रविवारी ते माझ्या स्कूटरवर मागे बसून आले, इस्त्रीचा शर्ट घालून. सगळे कॉफीचे ग्लास घेऊन शेडपाशी उभे होते. मिस्त्रींना पाहून सेक्रेटरींच्या कपाळाला आठी पडली. बसायच्या आधीच मी बोलायला लागलो, नाहीतर बोललोच नसतो. मिस्त्रींना मराठी समजायचं, पण एकही शब्द निसटू नये म्हणून हिंदीत बोललो. इथे मराठीत लिहितो.

"मेळाव्याच्या दिवशी इंजिन माझ्यामुळे बंद पडलं. मिस्त्रींनी डब्याला भोक ठेवलं होतं, ते मी बुजवलं. त्याच दिवशी घरी डबा उघडला तेव्हा मला हे कळलं, आणि तरीही तुमच्या शाबासक्या घेत राहिलो. त्यांच्या वायरिंगमध्ये काहीही चूक नव्हती. त्यांचं काम माझ्या खोटेपणामुळे गेलं." मग मी त्यांच्याकडे वळलो. "मिस्त्री, मी या सगळ्यांसमोर तुमच्यावर आळ घेतला. या सगळ्यांसमोर मला माफ करा."