पिवळी वाफ आणि मंडईची हिरॉईन

“मिस्त्री, निघ बाहेर! तुह्या रेडिएटरनं माही इज्जत घालवली!”

धनराजभाऊंचा आवाज असा, की सिहोऱ्यात ते बैलांना हाकारतात तेव्हा तुमसरच्या राइस मिलमधले हमाल दचकून पोतं खाली ठेवतात. त्या दुपारी तर ते माझ्या दुकानाच्या दारातच उभे होते. मागे त्यांची गाडी. बॉनेटमधून वाफेचा असा लोट निघत होता, की रेल्वेनं कोळशाचं इंजिन परत सुरू केलं असं समजून दोन म्हातारे पिशव्या घेऊन धावत आले.

पण वाफ पिवळी होती. पांढरी वाफ मी रोज पाहतो. काळा धूर पाहिला, निळा पाहिला. पिवळी वाफ पहिल्यांदाच. आणि तिला वास येत होता स्वयंपाकघराचा.

मी तुमसरला रेडिएटरचं काम करतो. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, गोंदिया वेगळा झाला, पण फुटके रेडिएटर दोन्हीकडून माझ्याकडेच येतात. धनराजभाऊंच्या गाडीला दिवाळीच्या आधी मीच नवा रेडिएटर बसवला होता. कंपनीचा नाही, बाजारातला. बाजारातल्या मालात वाईटही असतं, चांगलंही असतं. हा मी हातानं ठोकून, हौदात बुडवून निवडला होता. मुलीला स्थळ पाहतानासुद्धा मी एवढी चौकशी केली नव्हती.

“डुप्लिकेट माल लावला ना तू!” धनराजभाऊ गरजले.

“भाऊ, आधी सांगा, गाडीत काय शिजून राहिलं?”

उत्तर मागच्या सीटवरून आलं. दार उघडून एक बाई उतरल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात मेकअपची पेटी.

“हळद टाकली जी यायनं,” बाई म्हणाल्या. “मंग तांदुराचं पीठ टाकलं. मीठ तेवढं राहिलं.”

या चंद्रकलाबाई. वडशाच्या नाटक कंपनीच्या हिरॉईन. गोंदियाला गाडी बदलून त्या तुमसर रोड स्टेशनवर उतरल्या होत्या आणि धनराजभाऊ त्यांना घ्यायला गेले होते. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, जिलेबी, पाहुणे, रात्री नाटक. आज सिहोऱ्याची मंडई होती आणि धनराजभाऊ तिचे अध्यक्ष. मागच्या वर्षी हिरॉईन आलीच नाही. लोकांनी मंडपाचे बांबू उपटले. म्हणून या वर्षी भाऊंनी लाउडस्पीकरवरून जाहीर करून टाकलं होतं, “हिरॉईन नाही आणली, तं मी स्वतः लुगडं नेसून स्टेजवर उभा राहीन!”

आणि भाऊंच्या मिशा अशा, की त्यांच्यावर दोन्ही बाजूंना एकेक पोपट आरामात बसेल.

“मिस्त्री,” आता आवाज खाली आला, “अंधार पडाच्या आत बाई सिहोऱ्याले पोचल्या पायजे. सारं गाव रस्त्याकडं डोळे लावून बसलं हाय.”

“दुसरी गाडी करा ना.”

“आज मंडई हाय बाप्पा! गाड्या साऱ्या भरून गेल्या. मोटरसायकलवर बाई बसत नाहीत.”

“मी एकदा बसली होती,” चंद्रकलाबाई म्हणाल्या. “पदर साखळीत, मी बांधीत. तवापासून नाही बसत.” बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं, म्हणजे भाताचं, पाणी तुंबवायचं खाचर.

बॉनेट उघडलं. झाकणाला हात लावला नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे उकळतं पाणी स्वतःच्या तोंडावर मारून घेणं. गाडी निवेपर्यंत बाईंना चहा दिला, आणि भाऊंची कथा ऐकली. स्टेशनवरून निघाल्यावर देव्हाडीच्या पुढे गाडीनं वाफ सोडली. रेडिएटरच्या वरच्या कडेतून पाणी फवारत होतं. हळदीनं गळती थांबते हे कुणीतरी सांगितलेलं. जुन्या ड्रायव्हरांची ही युक्ती आहे. बारीक भोक असेल तर हळद जाऊन बसते. पण इथं गळती नाही थांबली. मग कुणाच्या तरी घरून पिठाची पिशवी आणली आणि रिकामी केली. इंजिनमध्ये पाणी उकळतं. उकळत्या पाण्यात तांदळाचं पीठ पडलं की काय होतं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पेज होते. घट्ट पेज, हळद घातलेली.

रेडिएटरमध्ये चपट्या, बारीक नळ्या असतात. त्यातून गरम पाणी फिरतं, पंख्याच्या वाऱ्यानं निवतं, परत इंजिनमध्ये जातं. त्या नळ्यांमध्ये पेज बसली की पाणी फिरेल कुठून?

रेडिएटर खाली उतरवला. थर्मोस्टॅट काढला. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनच्या तोंडाशी बसलेली झडप. इंजिन तापलं की ती उघडते आणि पाण्याला वाट देते. ही झडप पिठानं अशी चिकटली होती, जणू आजन्म उघडायची नाही अशी तिनं शपथच घेतली आहे. मग खालच्या तोंडातून वर, उलट्या दिशेनं, पाण्याचा जोरदार फवारा मारला. काय निघालं म्हणता! एका मोठ्या पंगतीला पुरेल इतकी पेज निघाली. रस्त्यावरची गाय आली, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली. तिच्या नजरेतला अपमान मी अजून विसरलो नाही.

आता गळती शोधायची. रेडिएटरची तोंडं बंद केली, हौदात बुडवला, आत हवा भरली. जिथून बुडबुडे निघतील तिथं रोग. बुडबुडे वरच्या कडेनं निघाले. नव्या रेडिएटरची वरची टाकी प्लास्टिकची, जाळी ॲल्युमिनियमची. दोन्हींच्या मध्ये रबरी पट्टी, आणि जाळीचे दात वाकवून टाकी घट्ट धरलेली. इथले दात चक्क उघडले होते.

“पाहा!” धनराजभाऊंनी गर्दीला दाखवलं. “डुप्लिकेट!”

पण दात आतून बाहेर उघडले होते. कमकुवत दात एखाद्या ठिकाणी ढिला पडतो. इथं सगळी ओळच्या ओळ ढकलली गेली होती. आत कुणीतरी प्रचंड दाब कोंडला होता. गरम पाणी फुगतं, दाब वाढला की झाकणातली स्प्रिंग उचलली जाते आणि जास्तीचं पाणी एका छोट्या नळीतून बाजूच्या बाटलीत जातं. म्हणून मी झाकण तपासलं. ठणठणीत. मग ती छोटी नळी हातात घेतली आणि फुंकली. माझे गाल फुग्यासारखे झाले, कान सुटे होऊन पडतात की काय असं वाटलं, पण हवा पुढं जाईना.

चिमट्यानं नळीच्या तोंडातून काय काढलं असेल? आधी चिखलाचा वाळलेला गोळा. मग चिंधी. मग बाभळीची खुंटी, व्यवस्थित तासलेली.

“धनराजभाऊ, हे कोणी ठोकलं?”

भाऊ जमिनीकडे पाहू लागले.

“रोज सकाळी मी रेडिएटर काठोकाठ भरू ना,” ते हळूच म्हणाले. “गाडी चालली की बाटली भरे, अन् थेंब थेंब पाणी खाली पडे. बांधीतून पाणी जाऊन राहिलं, तं मानूस काय करते? चिखल लावते ना जी. मी बी लावला.”

गर्दीतले सगळे धानवाले. एकही त्यांना हसला नाही. उलट दोघांनी माना डोलावल्या, आणि एक म्हातारा खुंटी हातात घेऊन म्हणाला, “बुजवलं मात्र पक्कं!”

हसल्या त्या एकट्या चंद्रकलाबाई. “अध्यक्षसाहेब, बांधीले इंजिन नसते ना पन!”

पुढचं काम सरळ होतं. नवी रबरी पट्टी टाकली, दात एकेक करून पकडीनं दाबत गेलो. परत हौदात बुडवला. एकही बुडबुडा नाही. हौदातला बेडूकसुद्धा श्वास रोखून बसला होता. नवा थर्मोस्टॅट, नळी मोकळी, हिरवं कूलंट भरलं, आतली हवा काढली, गाडी चालू केली.

“तू संग चल,” धनराजभाऊ म्हणाले. “रस्त्यात काही झालं, तं लुगडं तुलेच नेसवतो.”

मी पुढच्या सीटवर बसलो आणि तापमानाच्या काट्यावरून नजर हटवली नाही. माझ्या लग्नात अंतरपाटाकडेही मी इतकं टक लावून पाहिलं नव्हतं. मागे चंद्रकलाबाई मरणाच्या सीनची तालीम करू लागल्या. “नाथ! मी चालले!” अशी किंकाळी त्यांनी फोडली, की धान कापणाऱ्या बायका विळे टाकून रस्त्यावर धावल्या. गाडी थांबवून बाई जिवंत असल्याचं दाखवावं लागलं. काटा मध्यावर होता. तिथून तो सिहोऱ्यापर्यंत हलला नाही.

सूर्य बुडायला थोडा वेळ होता तेव्हा आम्ही मंडईत शिरलो. लाउडस्पीकरवर हिरॉईन आल्याची घोषणा झाली आणि फटाक्यांची अशी लड लागली, की सारे पाळणे एकदम थांबले. बाईंनी मरणाचा सीन असा केला, की लोकांनी तो परत करायला लावला. त्या उठून परत मेल्या.

या धंद्यात मी एकच गोष्ट शिकलो. रेडिएटर गळायला लागला की दुकानदाराला शिव्या देण्याआधी, पाण्याची बाहेर पडायची वाट कुणी बंद केली का, ते पाहावं.

पुढच्या आठवड्यात धनराजभाऊ दुकानात आले. मी त्यांना समोर बसवलं. झाकण दाखवलं, स्प्रिंग दाबून दाखवली, नळी फुंकून दाखवली, गरम पाणी का फुगतं ते चहाच्या किटलीवर समजावलं. शाळेत असतो तर मला आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला असता. शेवटी विचारलं, “समजलं ना भाऊ? आता त्या नळीले हात लावाचा नाही.”

“समजलं,” धनराजभाऊ म्हणाले. “पन पानी वाहून राहिलं, तं मले झोप येत नाही.”