मामानं नावं ठेवलेला लेफ्ट बॅक

"डावऱ्याला विकून टाकलं," चेअरमनसाहेब म्हणाले, आणि मामाच्या हातातला कप बशीत तिरका टेकला. चहा टेबलाच्या काचेवर सांडला, काचेखालच्या संघाच्या फोटोवरून ओघळत कडेला आला आणि मामाच्या गुडघ्यावर गळायला लागला. चटके बसत होते, पण पाय मागे घ्यायचं काही त्याला सुचलं नाही.

चेअरमनसाहेब खुशीत होते. क्लबला अखेर स्ट्रायकर मिळाला होता, आणि तोही असातसा नाही, टीव्हीवर झळकलेला. त्याच्या नावाचे शर्ट पोरं रांगा लावून घेतील म्हणाले. आता एवढा महागाचा माणूस आणायचा तर कुठून तरी पैसा मोकळा करायला हवा, म्हणून ज्याच्यावाचून अडणार नाही असा एक काढला. केवढ्याला गेला म्हणून मामानं विचारलं. आकडा ऐकला आणि त्याच्या कानात दडेच बसले. तेवढ्या पैशात त्या स्ट्रायकरचा एक बूटही आला नसता.

"एवढ्याला दिला?"

"मामा, तुम्हीच तर प्रत्येक बैठकीत सांगायचात," चेअरमनसाहेब खरोखरच चकित झाले होते. "उजवा पाय म्हणजे नुसता टेकू. धावतो तर कपाट सरकवल्यासारखा. सख्ख्या भाच्याबद्दल माणूस खोटं कशाला बोलेल?"

मामा रुमालानं काच पुसायला लागला.

हा मामा म्हणजे फुटबॉल क्लबचा खेळाडू हेरणारा. तरुणपणी काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता आणि क्लबच्या दुसऱ्या संघात मधल्या फळीत हाफ खेळायचा. गुडघा गेला तसा खेळ सुटला, पण नजर काही सुटली नाही. ती जुन्या चेअरमनांनी बरोबर ओळखली. क्लब गरीब. तयार खेळाडू विकत घ्यायची ऐपत नाही. कुणाच्या लक्षात न आलेला खेळाडू स्वस्तात आणायचा, त्याला घडवायचा, नाव झालं की मोठ्या क्लबला चांगल्या भावानं द्यायचा आणि त्यातल्याच एखाद्याला जिवापाड धरून ठेवायचं, यावर सगळा गाडा चालायचा. मामा सुट्टीच्या दिवशी कारखान्यांच्या, गोदीच्या संघांचे सामने बघत हिंडायचा. चेंडूकडे बघायचाच नाही. चेंडू सगळेच बघतात, त्याचे पैसे मला कोण देणार, म्हणायचा. पास चुकल्यावर कोण मान खाली घालतो आणि कोण चुकलेला चेंडू परत मिळवायला धावतो, ते तो बघायचा.

आणि त्याची एक रीत होती. जो मनात भरला त्याला नावं ठेवायची. मैदानाच्या कडेला इतर क्लबांचे हेरही उभे असायचे. मामानं एखाद्याचं कौतुक केलं की त्याचा भाव तिथल्या तिथे चढला म्हणून समजा. मग मामा जांभया द्यायचा, शेंगा फोडायचा आणि म्हणायचा, हा काय खेळतो, याला कुणीतरी घरी पोचवा. क्लबच्या बैठकीतही तेच, कारण बैठकीतली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होते. जुने चेअरमन ते उलटं ऐकायचे. मामानं कुणाची पिसं काढली की हसून म्हणायचे, मग घेऊन टाका त्याला. हे सगळ्या क्लबला ठाऊक होतं, माळ्यापासून मालिशवाल्यापर्यंत. जुने चेअरमन गेले, त्यांचा मुलगा खुर्चीत बसला, आणि ही गोष्ट त्याला सांगायची राहूनच गेली. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं सांगितली असेल.

डावऱ्या मामाच्या बहिणीचा मुलगा. सुतारकामाच्या कारखान्यात रंधा मारायचा आणि तिथल्या संघात लेफ्ट बॅक खेळायचा. मामानं त्याला क्लबात आणला, तो फुकटात. चार वर्षं तो मामाच्याच घरी राहिला, पुढच्या खोलीत खिडकीखालच्या कॉटवर. भाचा असल्यामुळे मामाच्या जिभेला दुप्पट धार आली. कौतुक केलं तर लोक म्हणणार, घरचा माणूस लावून घेतला. आणि इतकी वर्षं बाहेर बोलून बोलून घरातही तेच तोंडात बसलेलं. डावऱ्या जिंकून आला तरी मामा ताटावरून मान वर न करता म्हणायचा, आज जरा कमी लाज आणलीस.

ऑफिसातून मामा बाहेर पडला तर फाटकापाशी लंबू उभा. पलीकडच्या मोठ्या क्लबचा हेर. दोघांची उमर एकमेकांच्या तोंडचा घास पळवण्यात गेलेली.

"तू नेलास?" मामानं विचारलं.

"मग कोण नेणार? चार वर्षं तू त्या पोराला खंड न पडता शिव्या देतोयस. एवढ्या तर तू कुणालाच दिल्या नव्हत्यास." लंबूनं खिशातून किल्ली काढली. "मला वाटलं होतं घासाघीस होईल. तुमचे साहेब पहिल्या आकड्यालाच हो म्हणाले. मीच घाबरलो, म्हटलं पायबिय मोडलाय की काय." डावऱ्याला न्यायला तो दुपारी गाडी घेऊन येणार होता.

मामा घराकडे निघाला. रस्ता रोजचाच, पण सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी तो भलत्याच गल्लीत वळला आणि मागे फिरावं लागलं. अजून सगळं संपलं नव्हतं, असं तो स्वतःला बजावत होता. खेळाडूनं स्वतः सही केल्याशिवाय सौदा पुरा होत नाही. डावऱ्या हट्टाला पेटला, तर चेअरमन काय करणार?

घरी कॉटवर बॅग उघडी होती. मामी इस्त्री केलेले शर्ट देत होती, डावऱ्या भरत होता. मामानं दारातूनच सांगितलं, सही करू नकोस.

"सकाळीच केली, मामा."

"मला न विचारता?"

डावऱ्या बुटांच्या नाड्या गुंडाळत राहिला. मग खाली बघतच म्हणाला, "मीच गेलो होतो साहेबांकडे. स्ट्रायकरसाठी कुणाला तरी काढणार म्हणून ऐकलं. म्हटलं, मला काढा. भाच्याला पोसतोय म्हणून तुम्हाला किती वर्षं ऐकून घ्यावं लागणार? माझ्यात काही नाही हे मला कळतं की. चार वर्षं ऐकतोय."

मामा दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. चेअरमनला समजलं नाही, ते एक वेळ ठीक. पण हा घरातला, यालाही कळू नये?

"काही नाही?" मामी इस्त्री आपटून उभी राहिली. "हे रात्री माझी झोप मोडून काय सांगतात, ठाऊक आहे? हा पोरगा चुकला की रागानं नाही धावत, हिशोबानं धावतो म्हणे. पुढचा माणूस कुठे जाणार ते त्याच्याआधी याला कळतं म्हणे. असा लेफ्ट बॅक आपल्या क्लबानं पाहिला नाही, आणि मी मेलो तरी याला विकू देणार नाही. मला पाठ झालंय सगळं. सांगा हो, आता का दातखीळ बसली?"

डावऱ्या मटकन कॉटवर बसला. मामीकडे बघितलं, मग मामाकडे. त्याच्या हातातला बूट तसाच राहिला.

"मग मला का नाही बोललात कधी?"

"भाव वाढला असता रे," मामाच्या तोंडून निघून गेलं.

"घरात कोण गिऱ्हाईक होतं, मामा?"

इस्त्री तापलेलीच राहिली होती. मामीनं जाऊन बटण बंद केलं.

दुपारी लंबूची गाडी आली. मामानं बॅग स्वतः उचलली, डावऱ्या नको नको म्हणत असताना. डिकीत ठेवली, आणि झाकण धरून तो लंबूसमोर उभा राहिला.

"ऐक," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत याच्यासारखा खेळाडू माझ्या हाताला लागला नाही. डावा पाय तर आहेच, पण याचं डोकं पायापुढे पळतं. याला मागे बांधून ठेवू नका, पुढे जाऊ द्या. आणि थंडीत डावी टाच दुखते याची. स्वतःहून सांगणार नाही. विचारत जा."

लंबू त्याच्याकडे बघतच राहिला. उभ्या जन्मात त्यानं मामाच्या तोंडून कुणाचं भलं ऐकलं नव्हतं.

"बरं नाही का तुला?" त्यानं हळूच विचारलं.

मामानं डिकी लावली. डावऱ्या गाडीचं दार धरून अजून उभाच होता. आत बसायचं त्याच्या ध्यानातच नव्हतं.