वाघाटीचं बी

लग्नकार्यात माझी ओळख करून देताना आमच्या घरचे लोक "या डॉक्टर आहेत" एवढंच म्हणतात आणि घाईघाईने जेवणाचा विषय काढतात. पाहुण्याने "कसल्या डॉक्टर?" असं विचारलं की मी खरं सांगून मोकळी होते, ही त्यांची धास्ती. खरं म्हणजे त्यात लाजण्यासारखं काय आहे? मी जनावरांची डॉक्टर आहे आणि वळूंचं रेत गोठवते. देवणी आणि लाल कंधारी या आमच्या भागातल्या जातिवंत वळूंचं बी मी बारीक नळ्यांत भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवते. त्या नळ्यांना आम्ही कांड्या म्हणतो. वळू मरून गेला तरी त्याच्या कांडीतून कुणाच्या तरी गोठ्यात वासरू जन्माला येतं. असलं काम करणाऱ्या बाईने मान खाली का घालावी, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

नोकरीची सुरुवातीची वर्षं मी कंधारकडे काढली. गाडीवर नायट्रोजनचा कंटेनर बांधायचा आणि गाय माजावर आल्याचा निरोप आला की निघायचं. "बाई माणूस गाय भरवायला आली" म्हणून लोक बघायला जमायचे. गाय गाभण राहिली की तेच लोक दुसऱ्या गायीसाठी घर शोधत यायचे. पुढे लातूरला प्रयोगशाळेत बदली झाली. तोवर लोकांच्या हसण्याची मला सवय झाली होती आणि माझ्या बोलण्याची लोकांना.

त्यामुळे वाघाटीचं वेड डोक्यात शिरलं तेव्हा ऑफिसातल्या हसण्याने मला काही फरक पडला नाही. वाघाटी म्हणजे आपल्याकडची रानमांजर, जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक. घरच्या मांजरापेक्षाही चणीने लहान, अंगावर तांबूस ठिपके, आणि राग मात्र वाघाचा. कॉलेजातली माझी एक मैत्रीण दूर एका प्राण्यांच्या उपचार केंद्रात काम करते. तिच्याकडे वाघाटीची एक मादी होती. उसाच्या फडात पिल्लू असताना सापडलेली, माणसाच्या हातून दूध प्यायलेली, म्हणून परत रानात सोडण्याजोगी राहिली नव्हती. मैत्रीण दर फोनला एकच रड गायची. "माझी मादी म्हातारी होत चालली आहे. नर नाही, नराचं बी नाही. तू एवढे बैल गोठवतेस, एक बोका गोठवून दे."

मी म्हणायचे, "बोका आणून दे, गोठवते."

ऑफिसातले सहकारी चिडवायचे, "मॅडम, आता मांजरीलाही कांडी भरणार का?" मी त्यांना सांगायचे, भरेन, आणि तुम्हाला कंटेनर धरायला उभं करेन. पोकळ बढाई नव्हती ती. मांजराचं रेत कसं टिकवायचं ते मी वाचलं होतं. मरण पावलेल्या घरच्या बोक्यांवर मालकांना विचारून हात बसवला होता. फक्त वाघाटीचा बोका काही सापडत नव्हता.

तो सापडला येळवशीच्या दिवशी. वेळ अमावस्येला आमच्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं. बाजार बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळे रानात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला आग्रहाने नेतो. कडब्याची खोप करायची, काळ्या आईची पूजा करायची, मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील पोटभर खायची आणि झाडाखाली लोळायचं. मीही औशाजवळ भावाच्या शेतात गेले होते. पूजा आटोपून पानं मांडत होते, एवढ्यात फोन वाजला. किल्लारीकडचा वनरक्षक बोलत होता. मागे एकदा बिबट्याच्या कामात आमची ओळख झाली होती.

"मॅडम, एक लहान रानमांजर गाडीखाली गेलंय. आमचे डॉक्टर गावी गेलेत, फोन लागंना झालाय. शवविच्छेदनाला याल का?"

"ठिपके आहेत?"

"हाव. तांबडे."

"नर का मादी?"

त्याने कुणाला तरी विचारलं, मग म्हणाला, "बोका हाय म्हणतेत."

भावजय ताट घेऊन मागे धावली. मी तिला म्हटलं, ताट झाकून ठेव आणि मला तुझा चहाचा थर्मास दे. माझी अवजारांची पेटी गाडीत कायम असते. वाटेत हायवेच्या धाब्यावरून थर्मासात बर्फ भरून घेतला, मग वनरक्षकाच्या साहेबांना फोन केला आणि मेलेल्या नराचं बी काढून जपण्याची परवानगी मागितली. साहेब स्वतःही कुठल्यातरी शेतात होते. त्यांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. शेवटी ते म्हणाले, "पंचनाम्यात सगळं लिहा, आणि करा." माझ्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं.

वनरक्षकाने सांगितलेलं शेत गाठलं तर खोपीसमोर पाहुण्यांची पंगत असायला हवी तिथे कुणीच नव्हतं. पाहुणे शेजारच्या शेतात गेले होते. खोपीच्या दाराशी शेतमालक बसला होता. माझ्याच वयाचा, नवाकोरा सदरा घातलेला, आणि चेहरा उतरलेला. सकाळी घरची माणसं नि स्वयंपाक जीपमध्ये घालून तो शेताकडे येत असताना बोका उसातून निघाला आणि चाकाखाली आला. त्यानेच जीप थांबवली, त्यानेच वनरक्षकाला कळवलं. केस झाली तर झाली, म्हणाला होता.

"कुठे ठेवलाय?" मी विचारलं.

त्याने विहिरीकडे बोट दाखवलं. चिंचेच्या सावलीत लिंबाच्या पाल्यावर बोका ठेवला होता, जुन्या लुगड्याच्या ओल्या धडप्याखाली. मी धडपं उचललं. बोक्याच्या अंगावर मिठाचा थर होता. पोटावर, मांड्यांवर, शेपटीखाली, सगळीकडे खडेमीठ.

"अहो भाऊ, मीठ कशाला घातलंत!" माझा आवाज चढला. माझा आवाज चढला की भावाच्या शेतातसुद्धा ऐकू जात असेल.

त्याची बायको पुढे आली. "ताई, घरचा बैल गेला की आमी मीठ घालूनच पुरतो. आज येळवस. काळ्या आईला आज कुदळ लावीत न्हाईत. उद्या सकाळी पुरावं म्हणून ठिवलाय. मीठ न्हाई घातलं तर नासंल न्हवं."

रागावणार तरी कुणावर? कुत्रंमांजर गाडीखाली आलं तर लोक मागे वळून बघत नाहीत. या माणसांनी एका रानबोक्याला बैलाचा मान दिला होता. पण मीठ पाण्याला ओढून घेतं, आणि माझ्या कामाच्या पेशींना ते लागलं तर तिथल्या तिथे मरतात. आता सगळा भरवसा कातडीवर होता. मांडीजवळ जखम नसेल तर मीठ आत गेलं नसेल. मी गुडघ्यांवर बसून मीठ झटकलं, पुसलं, एकेक केस बाजूला करून बघितलं. चाक छातीवरून गेलं होतं. मागचा भाग शाबूत होता. ओलं धडपं आणि सावली यांनी अंग बेताचं गारही राहिलं होतं.

मी पेटी उघडली तसा शेतमालक आडवा आला.

"ताई, आधी मारलं. आता कापायचं का?"

वनरक्षक त्याला नियम सांगायला लागला. शवविच्छेदन करावंच लागतं, आणि पुरायचं तर नाहीच, साहेबांसमोर जाळावं लागतं. ते ऐकून त्याचा चेहरा आणखीच पडला. मीठ वाया गेलं, पुरण्याचा मानही गेला. मी वनरक्षकाला गप्प केलं.

"भाऊ," मी म्हटलं, "याचा जीव गेला. तो मला परत आणता येत नाही. पण याचं बी अजून जिवंत असेल. आज दिवसभर राहील, उद्या राहणार नाही. ते काढून गोठवलं तर वर्षानुवर्षं टिकेल. कधीतरी याच्या पोटचं पिल्लू होऊ शकेल. मला काढू द्या."

त्याने खाली वाकून माझा चेहरा बघितला. मी चेष्टा करतेय का, हे तपासत असावा.

"जित्तं हाय म्हणता?"

"असेल असं म्हणते. दुर्बिणीखाली बघितल्याशिवाय सांगणार नाही."

"मग बघा. आन् काय निघंल ते मला सांगा. मेलेलं असलं तर मेलेलं म्हणून सांगा. मनाला बरं वाटावं म्हणून खोटं नगा बोलू. माझ्या हातनं येळवशीच्या दिशी जीव गेलाय, ताई. मला खरं काय ते कळू द्या."

मी शब्द दिला. बाकीचं शवविच्छेदन उरकलं आणि शेंगदाण्याएवढी ती दोन वृषणं सलाइनच्या बाटलीत घालून बाटली थर्मासमध्ये ठेवली. बर्फ थेट लागू नये म्हणून मध्ये रुमाल गुंडाळला. गार हवं, पण गोठून चालत नाही.

लातूर सामसूम. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे होती, नायट्रोजन भरपूर होता, पण ताजं अंडं नव्हतं. रेत गोठवताना त्याला अंड्याच्या बलकाचं पांघरूण लागतं, आणि येळवशीला लातुरात अंडं शोधणं म्हणजे एकादशीला मटण शोधण्यातला प्रकार. जुन्या बसस्टँडजवळ एकच गाडेवाला चाचा गाडा मांडून बसला होता. "आज सारा शहर खेत में, और तुम अंडे ढूंडते?" तो म्हणाला. मी म्हटलं, चाचा, ताजी द्या, बाळंतपणाचं काम आहे. त्याने एकेक अंडं उजेडात धरून निवडून दिलं.

मग कामाला बसले. बैलाचं काम म्हणजे भरल्या खळ्यावर रास मोजणं. इथे चिमूटभर होतं आणि त्यातलं सांडून चालणार नव्हतं. वृषणाला चिकटलेल्या नाजूक वेटोळ्यात तयार बी साठलेलं असतं. ते पात्याने बारीक कापलं, द्रावणात सोडलं आणि एक थेंब मायक्रोस्कोपखाली धरला. हलत होते! मीठ आत गेलं नव्हतं. पण ताजं बी हलणं ही निम्मीच लढाई. बलकाच्या द्रावणात मिसळून ते सावकाश थंड करायचं, कांड्यांत भरायचं, नायट्रोजनच्या वाफेवर धरायचं आणि मग बुडवायचं. यातल्या कुठल्याही पायरीवर सगळं मरू शकतं. घाई करायची नाही हे माझ्या हातांना पाठ आहे. जेमतेम पाच कांड्या झाल्या.

त्यातली एक वितळवून बघणं भाग होतं. बघितलं नाही तर उरलेल्यांचा भरवसा काय? तरी ते मी सकाळवर टाकलं. डोळे थकले होते. बरं, थोडी भीतीही वाटली.

सकाळी कांडी कोमट पाण्यात धरली, पुसली, कापली, थेंब काचेवर घेतला. मैत्रीण फोनवर होती, तिला म्हटलं, एक शब्द बोलू नकोस. मायक्रोस्कोपमध्ये बघितलं तर सगळं निपचित. काच सरकवली. निपचित. शेतमालकाला काय शब्दांत सांगायचं, तेही मनात जुळवायला लागले. पुन्हा काच सरकवली, आणि कोपऱ्यात एकाने शेपूट हलवली. मग त्याच्या पलीकडे आणखी काही सरळ पोहत निघाले. बरेच मेले होते, पण जे जिवंत होते ते चांगले धडधाकट होते. मला रडू आलं. का आलं ते मी कुणाला समजावत बसणार नाही. फोनमध्ये मैत्रीणही रडत होती, तिलाही मी विचारलं नाही.

मग शेतमालकाला फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्याने उचलला. हॅलोसुद्धा म्हणाला नाही.

"जित्तं हाय का?"

"आहे," मी म्हटलं. "सगळं नाही. बरंचसं मेलं. पण जिवंत आहे, मी आत्ता डोळ्यांनी पोहताना बघितलं. चार कांड्या ठेवल्यात. पिल्लू होईलच असं म्हणत नाही, पण होऊ शकेल."

त्याने तोंड बाजूला करून बायकोला हाक मारली.

"वाढ गं. जेवतो आता."

"कालधरनं बसलाव पान्यावर," तिचा रडवेला आवाज आला. "आंबील लई आंबट झालीया. चालंल का?"

"चालंल," तो म्हणाला.