कॅमेऱ्याला दाखवलेली रिकामी खोली

आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळ वायरी गुंडाळण्यात जातो, हे मी पहिल्याच तासाला मुलांना सांगते. ती हसतात. त्यांना वाटतं मॅम जोक करतायत. तिसऱ्या वर्षाला येईपर्यंत हसणं थांबलेलं असतं.

अंधेरीतल्या एका खाजगी डिझाइन कॉलेजात मी इंटरॅक्टिव्ह मीडिया शिकवते. म्हणजे काय, हे मला लग्नात, बँकेत, डॉक्टरकडे, सगळीकडे सांगावं लागलंय. माणूस समोर आला की ज्यांना ते कळतं अशी चित्रं मी करते आणि मुलांना करायला शिकवते. तुम्ही हात हलवलात की भिंतीवर काहीतरी हलतं. पुढचा प्रश्न ठरलेला: मग त्याचा उपयोग काय? पूर्वी मी यावर तावातावाने बोलायचे. आता म्हणते, "काही नाही." विचारणारा खूश होतो आणि आम्ही जेवायला जातो.

दमले होते मी, हे सरळच लिहिते. झोपून जाणारा थकवा नव्हता तो. दर थोड्या दिवसांनी काहीतरी अपडेट होतं आणि आधी केलेलं काम उघडेनासं होतं. माझी सुरुवातीची सगळी कामं आज कुठल्याच कॉम्प्युटरवर चालत नाहीत. चित्रकाराची न विकलेली चित्रं निदान माळ्यावर धूळ खात पडतात, त्यांना शिव्या तरी घालता येतात. माझ्या कामांच्या नुसत्या फाइली उरल्यात. त्यात आता मुलं मशीनला चार ओळी लिहून देतात आणि मशीन चित्र काढून देतं. "मॅम, झकास झालंय ना?" झकासच असतं. मग मी काय शिकवायचं? ज्यात चूक करायला जागाच नाही त्यात शिकवायला हात कुठे घालायचा, हे मला अजून सुचलेलं नाही.

आमचा करार दरवर्षी नवा होतो. यंदा मॅनेजमेंटच्या सरांनी विचारलं, "मॅडम, पुढच्या वर्षी आहात ना? वर्षअखेरचं प्रदर्शन झालं की सांगा." माझं उत्तर जानेवारीपासूनच तयार होतं. नाही. सरांना ते सांगणं कठीण नव्हतं. कठीण होतं आईला सांगणं.

मुलुंडला आम्ही दोघीच राहतो. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, मानखुर्दला. तिचे वडील गावातल्या शाळेत व्हरांड्यात बसून शिकले. आत बसायची त्यांना मुभा नव्हती, खिडकीतून फळा दिसेल तेवढी त्यांची शाळा. त्यांची मुलगी तशाच फळ्यासमोर खडू घेऊन उभी राहिली, ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट. आमच्या नात्यात कुणी शिक्षक झालं की सख्खे भाऊसुद्धा त्याला सर म्हणतात. विहाराच्या वर्गणीवरून आमच्याकडे भांडणं होतात, कुणाच्या लग्नावरून अबोले होतात; पण शिकवायची नोकरी सोडण्यावरून कधी काही झालं नाही, कारण तसं कुणी केलंच नाही. आई वर्गात कधी खुर्चीवर बसली नाही. शिकवणाऱ्याने बसायचं नसतं, असं ती म्हणायची, आणि तिचे दोन्ही गुडघे त्याचीच साक्ष देतात. माझी कला तिच्या डोक्यावरून जाते, पण शेजारणींना ती सांगते, "कॉलेजात शिकवते." त्यातला "शिकवते" हा शब्द ती जरा सावकाश म्हणते. अशा बाईला काय सांगणार, की मला कंटाळा आलाय?

म्हणून मी ठरवलं की आधी तिला प्रदर्शनाला न्यायचं. माझं एकही काम तिने पाहिलं नव्हतं. एकदा बघितलं की येताना रिक्षात सांगून टाकू. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर ट्रॅफिक असतोच, वेळ भरपूर मिळतो.

प्रदर्शनात शिक्षकांचंही एकेक काम असतं; माझं साधं होतं. अंधारी खोली, समोर मोठी भिंत, त्या भिंतीवर वरून कापूस पडत राहतो. खोलीत जो असेल त्याची आकृती भिंतीवर उमटते, नुसती बाह्यरेषा, आणि कापूस त्या रेषेवर येऊन बसतो. खांद्यावर, डोक्यावर, पसरलेल्या हातांवर. आकृती हलली की उडून जातो. आई लहानपणी सुट्टीत गावी कापूस वेचायला जायची, ते मनात होतंच, पण तिला काही सांगितलं नव्हतं.

अशा कामाला सुरुवात करताना एक रीत पाळावी लागते. सगळ्यांनी बाहेर जायचं, दार लावायचं आणि अंधारातही बघणाऱ्या कॅमेऱ्याला रिकामी खोली दाखवायची. एक बटण दाबलं की कॅमेरा ती खोली लक्षात ठेवतो. मग त्या रिकाम्या खोलीपेक्षा जे काही वेगळं दिसेल ते माणूस, असा त्याचा हिशेब. त्याला माणूस कळत नाही, फरक तेवढा कळतो. म्हणून बटण दाबण्याआधी आत कुणी राहिलं नाही ना हे स्वतः जाऊन बघायचं, हे मी पोरांच्या कानीकपाळी ओरडत असते.

प्रदर्शनाच्या दिवशी आई इस्त्रीची पांढरी साडी नेसली. रिक्षातून उतरताना तिने माझा हात धरला आणि कॉलेजच्या गेटमधून शिरताना सोडला. पोरांनी तिला घेरलंच. "आजी, तुम्ही पण टीचर होता? मॅम तुम्हाला घाबरतात का?" ती म्हणाली, "घाबरत असती तर डबा संपवून आणला असता." पोरं खिदळली. मी तिला माझ्या खोलीत नेऊन मागच्या बाकावर बसवलं आणि म्हटलं, थोडा वेळ बस, सुरू करते. इतक्यात शेजारच्या खोलीत कुणीतरी सगळे दिवे एकाच बोर्डावर लावले आणि आमच्या मजल्याची वीज गेली.

वीज आली तेव्हा बाहेर पाहुण्यांची रांग लागली होती, लॅपटॉप पुन्हा सुरू होत होता आणि मॅनेजमेंटचे सर दारात घड्याळ बघत उभे होते. माझी एक विद्यार्थिनी धावत आली. "मॅम, वाट लागली, सगळं परत सेट करायला लागणार." मी म्हटलं, खोली रिकामी कर. ती आत ओरडली, "चला, सगळे बाहेर, पटापट!" पोरंपोरं बाहेर आली. "खोली खाली आहे, मॅम." मी बटण दाबलं. आत जाऊन बघितलं नाही.

आई आतच होती. अंधारात मागच्या बाकावर, हात मांडीवर ठेवून. "पटापट" हे आपल्याला उद्देशून नसणार असं तिला वाटलं असेल, किंवा गुडघे उठले नसतील. कॅमेऱ्याने खोली लक्षात ठेवली, बाकासकट आणि आईसकट.

पाहुणे आत आले. मुलांनी हात पसरले, बायकांनी पदर सावरत स्वतःची आकृती बघितली, कापूस बसला, उडाला. कुणी व्हिडिओ काढले. एका गृहस्थांनी विचारलं, याचा उपयोग काय, आणि मी म्हटलं, काही नाही. मग गर्दी ओसरल्यावर आई बसल्या जागेवरून म्हणाली, "अगं, सगळ्यांवर बसतो, माझ्यावर का नाही बसत तुझा कापूस?"

मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर आम्ही सगळे होतो, ती नव्हती. तिची आकृती जिथे असायला हवी तिथे नुसता काळोख. काय झालंय ते मला लगेच कळलं आणि स्वतःचा इतका राग आला; तिसऱ्या वर्षाच्या मुलाने हे केलं असतं तर मी त्याला उभं आडवं झापलं असतं. "थांब, चूक झालीय, परत सुरू करते," मी म्हटलं. पण मी लॅपटॉपपाशी पोचायच्या आत ती माझ्या विद्यार्थिनीचा हात धरून उठली होती आणि नीट बघायला भिंतीकडे चालू लागली होती.

ती उठली आणि भिंतीवर, बाकाच्या जागी, एक आकृती उमटली.

कॅमेऱ्याच्या लेखी आता बाकावर काहीतरी वेगळं झालं होतं. जिथे त्याला बाई बसलेली माहीत होती, तिथे ती नव्हती. म्हणून त्याने तिथे माणूस काढला: खांदे खाली ओघळलेले, मान पुढे, पाठीला पोक, हात मांडीवर टाकलेले. हलणार कोण? म्हणून त्या आकृतीवर कापूस पडत राहिला आणि उडाला नाही. थोड्याच वेळात ती पांढरी झाली.

आई भिंतीपुढे उभी राहिली तशी तिची स्वतःची आकृतीही शेजारी उमटली, उभी, विद्यार्थिनीच्या आधाराने. तिने हात हलवून बघितला. कापूस उडाला. ती लहान मुलीसारखी हसली. "ही मी," ती म्हणाली. मग बसलेल्या आकृतीकडे बोट दाखवलं. "आणि ती तू."

मी लॅपटॉपपाशी थबकले.

"स्वतःला अशी काढलीस?" ती जवळ गेली. चष्मा वर करून बघितलं. "अगं, किती दमलेली बाई आहे ही." मग माझ्याकडे वळली आणि एकदम वेगळ्याच आवाजात, घरातल्या आवाजात म्हणाली, "एवढं झालंय तर बोलायचं नाही का गं? भिंतीवर काढून दाखवायचं मला? सोडून दे ना मग. कशाला मरतेस?"

इतके महिने मी याच वाक्यासाठी थांबले होते. ते मला आयतं मिळालं होतं, न मागता, आणि गप्प राहिले असते तरी चाललं असतं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. पण माझी विद्यार्थिनी तिथे उभी होती, ती आकृती कुठून आली ते तिला कळत होतं, आणि आईचा हात अजून तिच्या हातात होता. शिवाय ती आकृती. मला ती बघवेना. जन्मभर वर्गात न बसलेली बाई कुणी बघत नसताना अशी बसते, हे घरात राहून मी कधी पाहिलंच नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "ती मी नाही. ती तू आहेस. तू बाकावर होतीस ना, त्याची राहिलेली जागा आहे ती. मशीनची चूक आहे."

तिने परत भिंतीकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मला वाटलं तिला वाईट वाटलं, रागावली. विद्यार्थिनी हळूच आईचा हात सोडून दाराकडे जाऊन उभी राहिली.

"मी होय?" आई म्हणाली. आणि तिने सुटकेचा निःश्वास टाकला, मला ऐकू आला. "मग ठीक आहे. मला वाटलं तूच. माझं मेलीचं काय, वय झालं." तिने पदराने चष्मा पुसला. "तू नाहीस ना पण अशी?"

बाहेर पाहुण्यांची पुढची रांग उभी होती. सर परत दारात आले होते. मला लॅपटॉपपाशी जाऊन बटण दाबायला हवं होतं, सगळ्यांना बाहेर काढून.

"आहे गं," मी म्हटलं. "मी पण अशीच आहे. मला नाही जमत आता. पुढच्या वर्षी नाही शिकवणार मी." आणि मी रडायला लागले, पन्नाशीची बाई, माझ्या पोरांदेखत.

आई हळूहळू चालत बाकापाशी परत गेली. एका बाजूला सरकून बसली.

"ये," ती म्हणाली. "बस."

मी बसले. दारातल्या सरांनी विचारलं, "मॅडम, सोडू का लोकांना आत?"

"थांबू द्या थोडं," आईने वर्गातल्या आवाजात सांगितलं. "आम्ही बसलोय."