फुटाला एक बोट

डोझरवरून खाली उतरूनही जन्मभर डोझरवरच बसून राहिलेला माणूस बीड जिल्ह्यात एकच झाला, आमचे तेलगावचे थोरले साडू. पाझर तलावांच्या कामांवर त्यांनी एक जुनाट, दांड्यांवर चालणारा डोझर इतकी वर्षं हाकला, की पुढे त्यांना माणसासारखं वळताच येईना. वळायचं झालं की ते आधी थांबत, एक पाय रोवत आणि दुसऱ्या पायाने सगळं अंग फिरवून घेत, डोझर एका बाजूची चेन रोखून दुसरीवर वळतो तसं. इंजिनाच्या आवाजाने कान गेलेले, त्यामुळे कुजबुज त्यांना ठाऊकच नव्हती. नेकनूरच्या एका लग्नात ते माझ्या कानाशी लागून "पाव्हणं, नवरदेव लई बुटका हाय" म्हणाले, आणि अख्ख्या मांडवाने, नवरदेवासकट, माना वळवल्या.

तो डोझर भंगारात कापला गेला तेव्हा साडू परगावी होते. शेवटचं बघायलाही मिळालं नाही, याची त्यांना इतकी चुटपुट लागली, की तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून ते हुबेहूब छोटा डोझर घडवायला बसले. नकाशा डोक्यात आणि माप हातात: मशीनचा एक फूट म्हणजे त्यांचं एक आडवं बोट. मी शाळेत गणित शिकवतो, मी पट्टी देऊ केली, तर म्हणाले, "पट्टी हरवती, बोट कुठं जातंय?" चेनीचा एकेक तुकडा ते कानशीने घासत बसत. आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जेवायला हाका मारून थकत. "एकदा मशीन उभी राहू दे, मंग मी मोकळा," हे ठरलेलं उत्तर. डावी बाजू झाली आणि साडूंना मोठं आजारपण आलं. उठले ते निम्मे होऊन, तरी उजवी बाजू पुरी केली आणि मला तातडीने बोलावून घेतलं.

डोझर दोन्ही हातांनी उचलून त्यांनी माझ्यापुढे धरला. "कशी दिसती?" मी शहाण्याने खिशातली पट्टी काढली. उजवी चेन दीड सेंटिमीटर आखूड भरली. "आजारात तुमची बोटं वाळली, म्हणून माप घटलं," असं मी मोठ्या ऐटीत समजावलं. ते बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. मग मी कधीच ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाले, "मंग ही माझी मशीन न्हाई." त्याच आठवड्यात त्यांनी सगळं खोललं आणि उजवी बाजू डावीच्या मापाने नव्याने करायला घेतली. नव्या चेनीचे चार तुकडे घासून झाले, आणि ते गेले.

दिवस झाल्यावर आक्कांनी सुट्या भागांचा डबा माझ्या हातात दिला. "तुमाला दाखवायची लई घाई झालती त्यांला. आता तुमीच जोडा." मी दोन-तीनदा बसून पाहिलं, मला जमत नाही. माप चुकलं होतं, हे खरंच. पण त्यांनी मला माप विचारलंच नव्हतं. कशी दिसते, एवढंच विचारलं होतं, आणि ती फार सुरेख दिसत होती.