मध्येच ढिली लागलेली नळी

नेमबाजीच्या रायफली बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात वहिनींना सगळेच वहिनी म्हणत, कारण त्यांचा धाकटा दीर तिथेच रायफली झाडून पाहायच्या कामावर होता. वहिनी एकोणीस वर्षं नळ्या तपासत होत्या. नळीच्या आत पीळ घेत गेलेल्या खाचा असतात. त्या गोळीला धरून गरगर फिरवतात, म्हणून गोळी सरळ जाते. वहिनी नळी दिव्याकडे धरून आत बघायच्या, मग शिशाचा मऊ तुकडा सळईने आतून ढकलायच्या. कुठे घट्ट, कुठे ढिलं, ते हाताला कळायचं.

गेले सहा महिने मात्र सगळी भिस्त हातावरच होती. उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं होतं, डाव्याचा तर कधीच भरवसा नव्हता. कळलं तर घरी बसवतील, या धास्तीने त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

त्या दिवशी एक नवी नळी नेहमीपेक्षा जास्त दारू भरलेल्या गोळीची चाचणी देऊन आली. ती चाचणी भिंतीआडून दोरी ओढून होते. नंतर नळी फुगली-तडकली नाही ना, ते वहिनींनी बघायचं. शिशाचा तुकडा अर्ध्यावर गेला आणि दोन बोटं अंतर एकदम मोकळा सरकला. वहिनींचा हात थबकला.

"काय झालं?" शेजारी उभ्या कारखान्याच्या साहेबांनी विचारलं.

सांगावं तर "दाखवा कुठे" म्हणणार, आणि दाखवायला दिसत कुठे होतं! "काही नाही," म्हणत त्यांनी पासचा ठसा मारला.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला. तेवढ्यात ठो आवाज झाला. आता दोरी नव्हती. त्याच नळीची रायफल भावजींच्या खांद्याला असणार, गाल लाकडाला टेकलेला. दुसरा आवाज. डबा उघडाच टाकून त्या धावत सुटल्या. तिसरा आवाज झाला तेव्हा त्या चाचणीच्या खोलीच्या दाराशी पोचल्या. वर लाल दिवा पेटलेला; अशा वेळी आत जायचं नाही, हा नियम. त्यांनी दार ढकललं.

"भावजी, थांबा! नळी खराब आहे!"

"वहिनी, वेड लागलंय का?" दीर ओरडला. चौथी गोळी त्याच्या बोटांत होती. मग तो म्हणाला, "तरीच! तिन्ही गोळ्या तीन दिशांना गेल्यात."

"मला सकाळीच कळलं होतं. तरी ठसा मारला. मला दिसत नाही हो आता..."

त्याने रायफल खाली ठेवली.

नळी उभी कापून पाहिली, तेव्हा आत नखाएवढी चीर निघाली. "खाचेचा कोपरा अगदी काटकोनी," साहेब म्हणाले. "सगळा ताण तिथेच बसला." तसेच धारदार कोपरे गोळीवरची तांब्याची पातळ सालही सोलत होते. पुढे खाचांच्या कडा उतरत्या केल्या; त्या गोळीला कापत नाहीत, नुसत्या दाबून धरतात. नेमही सुधारला.

वहिनींना तपासणीवरून काढलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिरानेच करवलं, पण महिनाभर तो त्यांच्याशी नीट बोलला नाही. डोळे बरे झाल्यावर साहेबांनी ठसा पुन्हा पुढे केला. वहिनींनी तो लगेच हातात घेतला नाही.

"माझ्यानंतर अजून एकजण बघणार असेल, तरच," त्या म्हणाल्या.