घर ऐकणारे सर

आमच्या समोरच्या दारातल्या सरांसारखे कान अख्ख्या भिवंडीत दुसऱ्या कुणाला नसतील. असलेच, तर तो माणूस एव्हाना गाव सोडून पळाला असेल. सर विद्यापीठाच्या मुलांना ऑनलाइन अर्थशास्त्र शिकवतात. एकटे राहतात, आणि मी निवृत्त, त्यामुळे दुपारी चहा घेऊन मी त्यांच्या मागच्या खुर्चीत बसतो. नुसतं ‘हजर’ टाइप करून कुणीही झोपू शकतं, हे त्यांचं ठाम मत. म्हणून नाव घेतलं की प्रत्येकानं माइक चालू करायचा आणि अर्धं मिनिट गप्प बसायचं. सर डोळे मिटून त्याचं घर ऐकतात आणि वहीत लिहितात: पंखा, कुकर, भांडण. एकदा एका मुलाला म्हणाले, “आईला सांग, डाळ खाली लागतेय.” खरंच लागली होती. तेव्हापासून मुलं त्यांना जरा भिऊनच असतात. मीसुद्धा तिथे चहाचा भुरका मारत नाही.

भिवंडीतल्याच टेमघरच्या एका मुलीच्या घरी कापड विणणारे चार लूम खडखडायचे. त्या गोंगाटात ती बोलणार कशी, म्हणून सरांनी तिला तोंडी उत्तरं माफ केली होती. लूम ऐकू आले की हजेरी लागायची. एका दुपारी टेमघरची वीज गेली. तिकडची मुलं मोबाइलवरून तसं कळवू लागली, पण हिचे लूम चालूच. सर मला हळूच म्हणाले, “आणि मागे एक माणूस खोकतो. रोज, बरोबर अकराव्या सेकंदाला.” दुसऱ्या दिवशी मी घड्याळ धरून बसलो. अकराव्या सेकंदाला तो खोकला. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

हजेरी खोटी ठरली तर मुलीचा परीक्षेचा फॉर्म अडणार होता, आणि सरांनी उभ्या जन्मात खोटी हजेरी मांडली नव्हती. पुढच्या दुपारी फोनवर वर्ग चालू ठेवून आम्ही रिक्षानं टेमघर गाठलं. घर चिडीचूप. दारात उभं राहून सरांनी फोनमध्ये तिचं नाव घेतलं, आणि फोनमध्ये लूम खडखडू लागले. मी अर्धवट उघडं दार लोटलं. रिकाम्या खोलीत जमिनीवर लूमच्या नटबोल्टांच्या खुणा होत्या आणि मधोमध एक बाई दोन फोन समोरासमोर धरून बसली होती. एका फोनमधला माणूस खोकला.

आम्हाला पाहून तिनं काही लपवलं नाही. “पोरगी वळ गावच्या गोदामात ड्युटीला हाय, सर. हजेरी गेली तर फॉर्म न्हाय भरता येणार, म्हणून मी बसते. लूम तर कवाच भंगारात गेले.”

सरांनी खोकल्याबद्दल विचारलं.

“ते तिचे पप्पा. दिवाळीच्या आधी वारले. पोरीनं त्याच्या आधी आवाज भरून ठेवला व्हता.”

घरी येऊन सरांनी तिच्या सगळ्या खोट्या हजेऱ्या खोडल्या. मला राग आला, तो मी बोलूनही दाखवला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वर्ग सकाळी सहाला ठेवला, खोडलेली हजेरी भरून निघावी म्हणून रविवारसुद्धा धरून, तिची ड्युटी सुरू व्हायच्या आत. मुलांनी कुरकुर केली, पण आली. ती मुलगीही येऊ लागली, स्वतःच्या आवाजात, आणि चांगली उत्तरं द्यायची. मागे घर अगदी शांत.

तिचा फॉर्म भरला गेला त्या सकाळी मी सरांकडे पेढे घेऊन गेलो. वही उघडी होती आणि सर त्या पानाकडे नुसते बघत बसले होते.

“हजेरी पूर्ण भरली तिची,” ते म्हणाले. “पण अकराव्या सेकंदाला मला वर्गात एक माणूस कमी वाटतो हो.”